पत्त्यावरून पारख: जपानमधल्या एका गुप्त यादीचं प्रकरण

१९७५ च्या नोव्हेंबरात ओसाका शहरात एका निनावी पत्रामुळे एक पुस्तक उजेडात आलं. ते दुकानात मिळत नव्हतं. कंपन्यांच्या कर्मचारी विभागांना टपालाने त्याची जाहिरात जायची आणि पैसे पाठवले की पुस्तक कचेरीत येऊन पडायचं. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या होत्या, किंमत ५,००० पासून ५०,००० येनपर्यंत. त्या सुमारास नव्याने नोकरीला लागलेल्या पदवीधराचा पगार महिना साधारण ९०,००० येन होता, त्यावरून हे किती महाग प्रकरण होतं ते कळेल. नावातच 'कर्मचारी विभाग, अतिगोपनीय' असे शब्द होते. आत मात्र सनसनाटी काही नव्हतं. एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकूमिन लोकांच्या वस्त्यांची नावं, कुठल्या प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे प्रांतात, कुठे आहेत, घरं किती, लोक मुख्यतः काय काम करतात. अशा सुमारे ५,३०० वस्त्या. कुणाला शिवी नाही, चिथावणी नाही, सगळं कसं दप्तरी.

प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. भरतीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि मुलांच्या लग्नाच्या चिंतेत असलेल्या घरच्यांना हा विषय फार त्रासाचा होतो, म्हणून काळाच्या प्रवाहाविरुद्ध जाऊन आम्ही हे पुस्तक काढत आहोत, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. भाषा इतकी अदबशीर की वधूवर सूचक मंडळाच्या पत्रकात सहज खपून जावी. विकत घेणाऱ्यांत मोटारी बनवणाऱ्या नामांकित कंपन्या होत्या, बँका होत्या. तपासात हा आकडा २०० च्या पुढे गेला.

सामाजिक विषमतेवर लिहिताना आपण बहुतेक वेळा मारहाण, बहिष्कार, विटंबना अशा घटनांपासून सुरुवात करतो. मला या प्रकरणात रस आहे तो नेमका उलट कारणासाठी. इथे कुणी कुणावर हात उगारलेला नाही. कागद तयार झाला, विकला गेला, कपाटात ठेवला गेला आणि काही अर्ज बाजूला पडले. उतरंड शाबूत ठेवायला एवढं पुरतं.

मुळात हे लोक कोण

तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०० नंतरच्या अडीचशे वर्षांत, जपानी समाजाची कप्पेबंद रचना पक्की झाली. वर सामुराई, खाली शेतकरी, कारागीर, व्यापारी. या सगळ्यांच्या बाहेर काही गट होते. मेलेली गुरं उचलणं, कातडं कमावणं, चामड्याच्या वस्तू करणं, मृत्युदंडाच्या वेळची कामं करणं हे त्यांच्याकडे. त्यांना 'एता' आणि 'हिनिन' म्हणत, दोन्ही शब्द आज शिवी मानले जातात. राहायचं गावापासून वेगळं, कपड्यांवर आणि केसांच्या ठेवणीवर निर्बंध, इतरांच्या घरात पाऊल टाकायचं नाही. मराठी वाचकाला यातलं काही उलगडून सांगायची गरज पडू नये. गावकूस, ओढलेलं ढोर आणि त्याच गावाला लागणारं चामडं, हे गणित आपल्याकडचंच आहे. मेलेल्या जनावराला हात लावणारा अपवित्र, पण त्याच्या हातचं चिलखत आणि खोगीर सामुराईला चालायचं. एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोकियोत, आसाकुसा भागात या लोकांचा वंशपरंपरागत मुखिया असे, दान्झाएमोन हे त्याचं पद. त्याच्या हाती चामड्याचा मोठा धंदा होता. बाहेरच्या माणसालाही पैसा असू शकतो, पण पैशाने आत येता येत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

१२ ऑक्टोबर १८७१ ला तोकुगावांनंतर आलेल्या मेजी सरकारने फर्मान काढलं: ही नावं रद्द, दर्जा आणि धंदा दोन्ही बाबतींत हे लोक सामान्य प्रजेसारखेच. कागदावर एका दिवसात सुटका. पण त्या सुमारास मेलेल्या गुरांवरचा आणि चामड्यावरचा त्यांचा पिढीजात हक्कही गेला. म्हणजे कलंक मागे राहिला आणि त्याच्या बदल्यात जी काही भाकरी मिळत होती तिलाही वाटेकरी आले. १८७३ मध्ये आजच्या ओकायामा भागात शेतकऱ्यांनी सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगा केला. त्यात त्यांनी या नव्याने 'समान' झालेल्यांची घरं जाळली, माणसं मारली. राग सरकारवर होता, निघाला वस्तीवर.

हेच लोक पुढे बुराकूमिन म्हणून ओळखले जाऊ लागले. बुराकू म्हणजे वाडी किंवा वस्ती.

चेहरा तोच, भाषा तीच

हे लोक इतर जपान्यांपासून कशानेच वेगळे ओळखू येत नाहीत. वर्ण तोच, भाषा तीच, धर्म तोच. आडनावावरूनही खात्रीने काही सांगता येत नाही. ज्याला भेद पाळायचा आहे त्याची मोठीच पंचाईत. शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस 'त्यांच्यातला' आहे की नाही हे कळणार कसं? एक खूण अजूनही लोकांना ठाऊक आहे: बोलता बोलता अंगठा दुमडून चार बोटं दाखवायची. चार पायांचं जनावर, आणि त्यावरून माणूस. पण ही खूण माहिती असलेल्याने दुसऱ्याला सांगायची असते. माहिती आणायची कुठून?

ती सरकारी दप्तरातून आणायची. १८७२ मध्ये देशभर 'कोसेकी' ही कौटुंबिक नोंदवही सुरू झाली. कोण कुणाचा मुलगा, लग्न कुठे, मृत्यू कधी, सगळं एका घराच्या नावावर एका पानात. काही ठिकाणच्या कारकुनांनी जुन्या बहिष्कृतांपुढे 'नवे सामान्यजन' किंवा त्याहून उघड शेरे मारून ठेवले. फर्मानाने पुसलेली ओळख वर्षभराच्या आत शाईने परत आली. ती १८७२ ची वही पाहायला बंदी आली ती थेट १९६८ मध्ये. नंतरच्या नोंदींत असे शेरे नव्हते, पण प्रत्येक घराचा 'होनसेकी', म्हणजे नोंदीतला मूळ पत्ता, होता. तो बदलता येतो आणि बऱ्याच जणांनी बदललाही. पण जुनं पान फाडून टाकलं जात नाही, मागे मागे जाता येतं. १९७६ पर्यंत दुसऱ्याच्या घराची नोंद कुणालाही पाहता येत असे. लग्नाआधी मुलाकडच्यांनी खाजगी गुप्तहेर नेमून मुलीचं घराणं तपासणं ही तर रीतच होती.

आता १९७५ चं पुस्तक या साखळीत कुठे बसतं ते पाहा. अर्जदाराचा मूळ पत्ता एका हातात, वस्त्यांची यादी दुसऱ्या हातात. जुळलं की झालं. उमेदवाराला का नाकारलं हे कधीच कळणार नाही, आणि कंपनीलाही कारण लिहून द्यावं लागणार नाही.

यात एक वर्ष महत्त्वाचं आहे: १९७३. शाळा संपवून नोकरीला लागणाऱ्या मुलांसाठी त्या वर्षी देशभर एकच अर्जाचा नमुना आला आणि घराण्याची, मूळ पत्त्याची चौकशी त्यात बरीच कमी केली गेली. आंदोलनाच्या रेट्याने मिळालेली ही मोठी गोष्ट होती. पुढच्याच दरवाजाला कुलूप लागल्यावर मागच्या दाराची किंमत वाढते. प्रस्तावनेतला 'काळाच्या प्रवाहाविरुद्ध' हा शब्दप्रयोग मला याच अर्थाने खरा वाटतो. काळ कुठे चाललाय हे त्या प्रकाशकाला नेमकं ठाऊक होतं.

यादी आली कुठून

ही सगळ्यात बोचणारी बाब. गुप्तहेरांनी गावोगाव हिंडून ती जमवलेली नव्हती. १९३६ मध्ये एका निमसरकारी संस्थेने देशभरातल्या या वस्त्यांची पाहणी केली होती. उद्देश कल्याणाचा: कुठे किती गरिबी आहे, लोक कशावर जगतात, मदत कुठे पोचवायची. वर ज्या रकान्यांचा उल्लेख केला, घरं किती आणि धंदा काय, ते या पाहणीचे रकाने. चाळीस वर्षांनी तीच माहिती भरती रोखायला कामी आली.

आणि हे होत होतं ते सरकार या वस्त्यांवर पैसा ओतत असताना. १९६९ मध्ये खास कायदा झाला. वेगवेगळ्या नावांनी आणि मुदतवाढींनी तो २००२ पर्यंत चालला, खर्च सुमारे १५ लाख कोटी येन. कच्च्या घरांच्या जागी चारमजली वसाहती, रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, समाजमंदिरं, शिष्यवृत्त्या. फरक डोळ्यांना दिसेल इतका पडला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या वस्त्यांतली साधारण ३० टक्के मुलं माध्यमिक शाळेच्या वरच्या टप्प्यात जात, देशाचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त होतं. १९९० च्या दशकात दोन्ही नव्वदीच्या पुढे गेले आणि अंतर चार-पाच टक्क्यांवर आलं. लग्नाचंही तसंच. १९९३ च्या सरकारी पाहणीत ८० च्या वरच्या वयाच्या जोडप्यांत दोघेही बुराकूतले असण्याचं प्रमाण पाचांत जवळपास चार होतं, २५ च्या खालच्यांत चारांत एक.

पण हा पैसा मिळायचा माणसाला नाही, जागेला. ज्या वस्त्यांनी नाव नोंदवलं त्यांनाच. १९९३ मध्ये अशा ४,४४२ वस्त्या होत्या आणि त्यांत बुराकूमिन म्हणून मोजलेले ८.९ लाख लोक. काही वस्त्यांनी नोंदणीच केली नाही. पैसा नको, नाव नको, असा सरळ हिशोब. ज्यांनी केली त्यांना पक्की घरं मिळाली आणि नकाशावर ठळक खूणही. शिवाय बाहेर 'त्यांना सगळं फुकट मिळतं' ही कुजबुज सुरू झाली, आणि २००६ मध्ये ओसाकात निधीच्या गैरव्यवहाराचं मोठं प्रकरण निघाल्यावर तिला जोर चढला. आपल्याकडे आरक्षणाच्या नावाने जे ऐकू येतं त्याचीच ही जपानी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे दाखला व्यक्तीला मिळतो, तिथे वस्तीला मिळाला. वस्तीबाहेर राहायला गेलेल्याला मदत नाही, कलंक मात्र बरोबर.

उघडकीनंतर

पुस्तक विकत घेणं हा गुन्हा नव्हता. तसा कायदाच नव्हता, त्यामुळे खटले भरण्याचा प्रश्न आला नाही. बुराकू मुक्ती संघटनेने तिची नेहमीची पद्धत वापरली: कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना सभेत समोर बसवायचं, वस्तीतल्या लोकांनी त्यांना प्रश्न विचारायचे, चूक कबूल करून घ्यायची. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे, दडपशाही म्हणून आणि धमकी म्हणूनही. ती सगळी खोटी नाही. तरीही एक विचारावंसं वाटतं: दुसरा कुठला मार्ग शिल्लक होता? न्यायालयात जायला कायदा नाही, आणि नाकारलेल्या अर्जदाराला आपल्याला का नाकारलं हेच माहीत नाही.

परिणाम झाले. १९७६ मध्ये कौटुंबिक नोंदवही सर्रास पाहण्यावर बंदी आली. १९७७ पासून मोठ्या कंपन्यांत या विषयाच्या प्रशिक्षणासाठी अधिकारी नेमायची पद्धत पडली. ओसाका प्रीफेक्चरने १९८५ मध्ये गुप्तहेर संस्थांना मूळ वस्तीचा तपास करायला आणि याद्या बनवायला मनाई केली. न्याय मंत्रालयाने सापडलेल्या प्रती गोळा केल्या आणि १९८९ मध्ये चौकशी संपल्याचं सांगितलं. २००६ मध्ये त्याच यादीची संगणकीय प्रत ओसाकात सापडली.

वकील आणि तत्सम व्यावसायिकांना कामासाठी दुसऱ्याची नोंद मागवता येते. त्यांच्या नावाचे अर्ज वापरून बेकायदा नोंदी काढणाऱ्यांची टोळी २०११ मध्ये पकडली गेली. मालमत्तेच्या व्यवहारांतही हेच चालतं. 'हा भाग त्या वस्तीत येतो का हो?' अशी विचारणा करणारे फोन पालिकेच्या कचेऱ्यांत जातात. घर घेणारा स्वतः भेद मानत असेलच असं नाही, त्याला भीती असते ती आपल्यालाच लोक तिथले समजतील याची. ओसाकाने २०११ मध्ये आपला नियम अशा जमीन-चौकशीलाही लागू केला.

तोकियोत शिनागावा स्थानकाजवळ शहराचा मोठा कत्तलखाना आणि मांसबाजार आहे. तिथल्या कामगारांना वर्षानुवर्षं निनावी पत्रं येत आली आहेत, द्वेषाने भरलेली. त्यांनी ती फेकून दिली नाहीत. बाजाराच्या इमारतीत एक छोटं माहितीदालन आहे, तिथे मांस कसं तयार होतं याच्या माहितीसोबत ती पत्रंही मांडून ठेवली आहेत. ज्या शहरात उत्तम गोमांसासाठी लोक हवे तेवढे पैसे मोजतात, त्याच शहरातून ही पत्रं येतात.

आपल्याकडे

तुलना करताना सावध राहायला हवं. भारतात जातीचं गणित शेकडो पायऱ्यांचं आहे, त्याला धर्मग्रंथांचा आधार दिला गेला आणि हिंसा कितीतरी जास्त आहे. बुराकूमिन हे जपानच्या लोकसंख्येत अगदी थोडे, दलित आपल्याकडे कोट्यवधी. पण 'ओळखायचं कसं' या एका प्रश्नापुरती तुलना नीट लागू पडते. तिथे पत्ता, इथे आडनाव. अभ्यासक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. दलित नावाच्या उमेदवाराला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. इथे कुणाला गुप्त पुस्तक विकत घ्यावं लागलं नाही, यादी प्रत्येकाच्या डोक्यात असतेच. पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्याला 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न दोनदा का विचारला जातो, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. आडनाव फसवं निघालं तर मग 'मूळ गाव कुठलं?' आणि त्याच्या पुढे 'गावात घर कुठल्या बाजूला?' शेवटचा प्रश्न ओसाकातल्या गुप्तहेरालाही ओळखीचा वाटला असता.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं. निर्णय योग्यच. फक्त भीमनगर म्हटल्यावर टपालवाल्याला आणि घरमालकाला काय कळतं, हेही त्यासोबत पाहायला हवं.

लपवायचं की सांगायचं

३ मार्च १९२२ ला क्योतो शहरात बुराकूमिनांनी सुइहेइशा ही आपली संघटना स्थापन केली. साइको मांकिची यांनी लिहिलेल्या तिच्या जाहीरनाम्यात ठणकावून म्हटलं होतं की आपण एता आहोत याचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे. शिवीच उचलून छातीवर लावायची, हा त्यांचा पवित्रा. शेवट होता: माणसांच्या जगात ऊब असो, माणसांवर प्रकाश असो.

त्याच चळवळीच्या वारसांना शंभर वर्षांनी न्यायालयात उभं राहून उलटी मागणी करावी लागली: आमच्या वस्त्यांची नावं छापू नका. २०१६ मध्ये एका प्रकाशकाने १९३६ ची पाहणी पुन्हा छापायची घोषणा केली आणि यादी महाजालावर टाकली. म्हणणं असं की इतिहासाचा दस्तऐवज आहे, अभ्यासकांना उपयोगी पडेल. योकोहामाच्या न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये प्रकाशन रोखलं. डिसेंबरमध्ये संसदेने बुराकू भेदभाव दूर करण्याचा कायदा केला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही.

इतिहासाच्या दस्तऐवजाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आधीही असा पेच आला होता. गूगल अर्थवर एदो, म्हणजे तोकुगावा, काळातले जुने नकाशे चढवले तेव्हा त्यांवर 'एता गाव' अशी अक्षरं तशीच होती. ओरड झाल्यावर ती पुसली गेली. काही अभ्यासकांना आणि खुद्द काही बुराकू लोकांनाही पुसणं पटलं नाही. अक्षरं काढली की तिथे कोण राहत होतं आणि त्यांच्याशी कसं वागलं गेलं याचा पुरावाही जातो. माझं मत विचाराल तर जुना नकाशा आणि आजच्या पत्त्यांशी जुळवलेली यादी यांत फरक करायलाच हवा. पहिला इतिहास सांगतो, दुसरी हत्यार म्हणून वापरता येते. १९७५ मध्ये ती तशी वापरली गेली आहे.

यादीत ४१ प्रीफेक्चरमधल्या वस्त्या होत्या. दोनशेहून अधिक वादी उभे राहिले. २०२१ मध्ये तोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांपैकी २५ प्रीफेक्चरपुरती मनाई दिली. ती गोपनीयतेच्या हक्काच्या आधारावर होती. त्यामुळे ज्यांनी आपलं मूळ आधीच जाहीर केलेलं होतं, अशा काहींचा दावा टिकला नाही. अभिमानाने सांगितलं म्हणून संरक्षण गेलं. २८ जून २०२३ ला उच्च न्यायालयाने पाया बदलला. प्रत्येकाला भेदभाव न होता, निर्धास्त आयुष्य जगण्याचा हक्क आहे, असं म्हणून मनाई ३१ प्रीफेक्चरपर्यंत नेली. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हा निकाल कायम झाला.

उरलेल्या १० प्रीफेक्चरमधल्या वस्त्यांची नावं या मनाईत येत नाहीत. तिथून वादी म्हणून कुणी पुढे आलं नव्हतं. यायचं तर न्यायालयात 'मी तिथला' म्हणून उभं राहावं लागलं असतं.